मास्तरांचा श्वास

आमच्या घरात दोन गोष्टी कायम ओल्या असायच्या. एक मास्तरांचा टॉवेल आणि दुसरी, तो टॉवेल जिथे फेकलेला असेल ती जागा. मास्तर म्हणजे माझा नवरा. शहराच्या तलावावर त्यांनी उभी हयात लोकांना पोहायला शिकवण्यात घालवली आणि मी त्याच तलावाच्या तिकीट खिडकीत बसायचे. तिथेच आमचं जमलं. काचेतल्या भोकातून बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी कानात काही सांगितलं तरी शेजारीण दार उघडून विचारते, काय झालं. या आवाजात मी मास्तरांना संसारभर बोलले. टॉवेलावरून बोलले, विसरलेल्या किल्ल्यांवरून बोलले, फुकट पोहायला सोडलेल्या मित्रांवरून तर विचारूच नका. त्यांच्यावर काही परिणाम होत नसे. बुडी मारल्यासारखे ते शांत राहत आणि माझं संपलं की वर येऊन विचारत, "चहा टाकू का?"

मग त्यांच्या यकृतात गाठ निघाली.

यकृत म्हटल्यावर नातेवाइकांच्या भुवया वर गेल्या. एका चुलत सासऱ्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "घेत होता का गं?" आयुष्यभर या माणसाच्या नाकातोंडात गेलं ते तलावाचं पाणी, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की तरुणपणी कधीतरी काविळीचा विषाणू अंगात शिरला, तो गेलाच नाही, यकृत आतून निबर होत गेलं आणि त्या निबर यकृतात गाठ धरली. कापून काढायची सोय नव्हती, कारण उरलेल्या यकृताला ते सोसलं नसतं. म्हणून सुई. बरगड्यांखालून सुई थेट गाठीत घालायची, तिचं टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी जाळून टाकायची.

"बटाट्याचा किडका भाग काढताना आपण भोवतीचा थोडा चांगलाही काढतो ना," डॉक्टर म्हणाले, "तसंच. गाठीपेक्षा जरा जास्त जाळायचं."

डॉक्टर तरुण होते, हात गोरेपान आणि मऊ. एरवी मी विचारलं असतं, तुम्ही कधी बटाटा चिरलाय का. विचारलं नाही. त्या दिवसांत मला काही विचारवतच नव्हतं.

खरं सांगायचं तर गाठीची बातमी कळली त्या दिवसापासून मी गोड बोलायला लागले होते. मलाच माझा आवाज ओळखू येत नव्हता. "दमलात का?" "थोडं पडता का?" "राहू द्या, मी करते." ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की मी तो निमूटपणे उचलायचे आणि वाळत घालायचे. एकदा सवयीने तोंडातून निघालं, "जित्याची खोड..." आणि पुढचे शब्द मी दातांखाली चावले. आजारी माणसाच्या घरात म्हणीसुद्धा जपून वापराव्या लागतात. निम्म्या म्हणींमध्ये कोणी ना कोणी मरतंच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मास्तर वळून माझ्याकडे बघत राहिले. म्हण पुरी होण्याची वाट बघत होते म्हणा ना. ती झाली नाही.

"तुला बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीये?" असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही हो, बरी आहे की."

त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

सुईचं काम झालं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, पोटावर एक एवढीशी पट्टी. एवढ्याशा भोकातून माझा सगळा संसार आत गेला होता. महिन्याभराने एमआरआय काढायचा ठरला. डॉक्टरांनी आधीच आम्हाला समोर बसवून सगळं सांगून ठेवलं. जळलेली जागा सगळ्या बाजूंनी मेलेली निघाली तर गाठ गेली, मग फक्त अधूनमधून लक्ष ठेवायचं. कुठे कडेला जिवंत अंश दिसला तर मात्र कठीण, कारण गाठीच्या एका अंगाला रक्ताची मोठी शीर लागून होती. शिरेतलं वाहतं रक्त सुईची उष्णता ओढून नेतं, त्यामुळे तिथे पुन्हा जाळूनही उपयोग नाही. तसं झालं तर गाठ घालवायची भाषा सोडायची आणि थोपवायची भाषा धरायची.

"थोपवायची म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते आधीच कसं सांगणार?" डॉक्टर म्हणाले. मास्तर तेवढ्यात उठून खिडकीपाशी गेले आणि खाली गाड्या कशा लावल्यात ते बघू लागले.

एमआरआय तळघरात होता. मास्तरांना मागून बांधायचा झगा दिला, हाताच्या शिरेत नळी बसवली, पोटावर एक जड पांघरुणासारखं काहीतरी बांधलं आणि मुठीत रबरी फुगा दिला, घाबरल्यास दाबायला. मशीनवर एक थोराड बाई होत्या. त्या बाहेरच्या खोलीतून काचेआडून बोलायच्या आणि आत आवाज जायचा. मी दाराशी उभी राहून ऐकलं. "श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा." मग आत ठोकाठोक, खडखड, कोणी पत्र्यावर हातोडे मारावेत तशी. मग, "घ्या आता श्वास." काचेआडून हुकूम सोडणारी बाई बघून मला माझी खिडकी आठवली. मग त्या बाईंनी दार लावून घेतलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. मला वाटलं होतं, त्यात काही कळणार नाही. पण त्यांनी नीट सांगितलं. जळलेली जागा चित्रात मुळातच पांढुरकी दिसते, त्यामुळे नुसत्या बघण्याने काही कळत नाही. म्हणून एक चित्र आधी काढायचं, मग शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध सोडायचं आणि पुन्हा चित्र काढायचं. औषध रक्ताबरोबर जिथे पोचेल ती जागा उजळते. जे मेलंय त्यात रक्त जात नाही. नंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा केलं की मेलेलं काळं राहतं आणि जिवंत तेवढं चमकतं.

पडद्यावर मास्तरांच्या यकृतात एक काळा गोळा होता. मला तो काळा रंग इतका आवडला की मी हसले. मग डॉक्टरांनी पेनचं टोक गोळ्याच्या एका कडेला टेकवलं. तिथे एक कोर होती. कापलेल्या नखाएवढी, पांढरी.

"इथे जरा उजळ दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "एक तर हा गाठीचा राहिलेला अंश असू शकतो. कधीकधी श्वासामुळेही असं होतं. दोन्ही चित्रांच्या वेळी श्वास सारखाच सोडलेला असावा लागतो. कमीजास्त झाला की यकृत बरगड्यांखाली वरखाली सरकतं, मग एक चित्र दुसऱ्यावर नीट बसत नाही आणि कडेला अशी खोटी रेघ येते. पण मला तरी—"

"श्वासच," मी म्हणाले.

"हो, तशी शक्यता आहे, पण—"

"अहो डॉक्टर, हे पोहण्याचे मास्तर आहेत. जन्मभर पोरांना काय शिकवलं? छाती भरा आणि खाली जा. आता तुमच्या बाई म्हणतात श्वास सोडा, धरा. यांनी भरून धरला असणार! औषध सोडल्यावर गडबडले असतील. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पडद्याकडे बघत होते, त्या कोरीकडे. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओशाळल्यासारखं मान खाजवली.

"असेल," ते म्हणाले. "गेली असेल छाती भरली. सवय वाईट."

डॉक्टर काही बोलायला गेले आणि थांबले. "ठीक आहे," ते म्हणाले. "दीड महिन्याने पुन्हा काढू. जाळल्यावरची सूजही तोवर उतरेल. मग काय ते स्वच्छ कळेल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तर त्या काडीचा ओंडका केला.

दवाखान्याच्या जिन्यातच मी सुरू झाले. "एवढं एक काम होतं तुम्हाला! पडून राहायचं आणि श्वास सोडायचा! मशीनसुद्धा स्वतः चालवायचं नव्हतं! आख्ख्या गावाला श्वास शिकवला आणि स्वतःची वेळ आली तर हे असं! आता दीड महिना जीव टांगणीला, तुमच्या त्या छातीपायी!" येणारेजाणारे बघत होते. एक नर्स बोटाने गप्प बसा म्हणाली. मास्तर एकेक पायरी उतरत होते आणि खाली मान घालून ऐकत होते, आणि माझा आवाज, माझा तो जुना खिडकीतला आवाज, जिन्यात घुमत होता. किती बरं वाटलं मला, काय सांगू. कितीतरी दिवसांत पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

खाली पोचल्यावर मास्तर म्हणाले, "चहा घेऊ या का?"

त्या दिवसापासून आमच्या घरी सराव सुरू झाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मास्तर पलंगावर उताणे आणि मी शेजारी बसून मशीनवरच्या बाईंच्या थाटात हुकूम सोडायची. "श्वास घ्या! सोडा! धरा!" त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली मी तळहात ठेवायची. श्वास सुटला की हाताखालचं सगळं वर सरकायचं आणि तिथे थांबायचं. दर वेळी ते त्याच जागी थांबतंय का, हे मी हाताने तपासायची. थांबायचं. केसभरही हलायचं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हणायची, "बघा, आता जमतंय. मी शिकवलं तर जमतं."

"गुरू चांगला मिळाला," मास्तर म्हणायचे.

"बोलू नका, श्वास धरा!"

एकदा शेजारणीने जिन्यात गाठलं. "अगं, नवऱ्याला श्वास तरी तुझ्या परवानगीशिवाय घेऊ देतेस की नाही?" मी तिला सगळं रामायण सांगितलं. कोर खोटी कशी, चित्र सरकतं कसं, सगळं. सांगताना प्रत्येक वेळी ते जरा जास्त खरं व्हायचं. तिला सांगितलं, धाकट्या जावेला सांगितलं, त्या चुलत सासऱ्यांना तर मुद्दाम फोन करून सांगितलं. मुलगी लांब राहते, तिला सांगत होते तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी फोन हातात धरूनच ओरडले, "आता काय फोडलंत?" मुलगी पलीकडून म्हणाली, "आई, तू बाबांना ओरडलीस."

"मग काय आरती ओवाळू?"

"नाही गं, ओरड," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तू ओरडतेस म्हणजे बाबा बरे आहेत."

ते आठवडे चांगले गेले. मास्तर संध्याकाळी तलावापर्यंत चालत जाऊन यायचे. पाण्यात उतरायची परवानगी नव्हती, नुसते कठड्यावर बसून पोरांच्या चुका काढायचे. घरी आल्यावर अंघोळ करायचे आणि टॉवेल टाकायचा तिथे टाकायचे, म्हणजे नको तिथे. एका संध्याकाळी तो माझ्या इस्त्री केलेल्या साड्यांवर सापडला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "काय माणूस आहे हा! हजारदा सांगितलं! जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही ती नाहीच जायची!"

मास्तर मोठ्याने हसले. दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी विचारलं, "दात काढायला काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, चालू दे." मी काय बोलून गेले ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ती तारीख आली.

तेच तळघर, तोच मागून बांधायचा झगा. झग्याच्या नाड्या मीच बांधल्या. त्यांची पाठ किती उतरलीये ते तेव्हा दिसलं. एकेकाळी या पाठीवर दोन-दोन पोरं बसवून ते तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचे. मी गाठ मारता मारता म्हटलं, "लक्षात आहे ना? घ्यायचा, सोडायचा, धरायचा. सोडून धरायचा. भरून नाही."

"सोडून," मास्तर म्हणाले. "गुरूचं नाव राखतो."

बाकावर बसून मी ऐकत होते. खडखड व्हायची, थांबायची. खडखडीबरोबर मीही श्वास सोडून धरत होते. दर वेळी माझाच दम आधी तुटायचा. मध्ये एकदा बराच वेळ शांत गेला. औषध सोडलं असणार. मास्तरांनी मागच्या वेळी सांगितलं होतं, ते औषध दंडातून चढताना थंड लागतं, पहाटेच्या पाण्यात हात घातल्यासारखं. मी माझाच दंड चोळत बसले.

दार उघडलं आणि त्या थोराड बाई बाहेर आल्या. हातातल्या बाटलीतला घोट घेत माझ्या शेजारी टेकल्या. "झालं. कपडे घालतायत ते."

"नीट धरला का हो या वेळी श्वास?" मी विचारलं.

"एकदम छान. तुमच्या यजमानांचं काही बघावंच लागत नाही."

"सराव करून घेतला मी," मी म्हणाले. मला अभिमान आवरत नव्हता. "दोन्ही वेळ. मागच्या वेळी गडबड केली ना त्यांनी."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "मागच्या वेळी? छे. मागच्या वेळी पण असाच धरला होता. इथे नवीन शिकायला आलेल्या मुलीला मी त्यांचीच चित्रं दाखवली, पेशंटने श्वास नीट धरला की चित्रावर चित्र कसं बसतं ते बघ म्हणून. माणसं हलतात, खोकतात, हे म्हणजे अगदी—" त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "का हो? कोणी काही म्हणालं का?"

"नाही," मी म्हणाले. "कोणी काही म्हणालं नाही."

तेवढ्यात मास्तर बाहेर आले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी उठून ती काढून पुन्हा लावली. मला राग आला नव्हता. राग यायला अंगात काहीतरी लागतं. तळघराच्या त्या बाकावर माझ्या अंगातलं सगळं कोणीतरी काढून नेलं होतं.

या वेळी डॉक्टरांनी त्याच दुपारी वर बोलावलं होतं. त्यांच्या खोलीत मला पडदा बघायची गरज नव्हती, तरी बघितला. काळा गोळा मागच्यापेक्षा थोडा लहान झाला होता. कोर लहान झाली नव्हती. शिरेच्या बाजूला ती फुगली होती, आता नखाएवढी नव्हती, वाटाण्याएवढी होती. डॉक्टर हळू आवाजात सांगत होते की चित्रं अगदी तंतोतंत बसली आहेत, त्यामुळे आता शंकेला जागा नाही. पुढे मांडीतल्या शिरेतून नळी घालून औषध गाठीपर्यंत नेता येईल, त्याने गाठ काही काळ दबेल. काही काळ म्हणजे किती हे मी या वेळी विचारलं नाही. मी एकच विचारलं.

"मागच्या वेळीही चित्रं बसली होती ना?"

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. तसंच, मागच्यासारखं. मग म्हणाले, "बसली होती. पण सुजेमुळेही कधी कधी... पूर्ण खात्री करणं बरं, असं वाटलं."

बिचारे. त्या दिवशी ते तेच सांगायला निघाले होते आणि मी त्यांना दोनदा तोडलं होतं.

बस स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. ऊन नव्हतं, वारा नव्हता, आभाळ नुसतं भांडी घासायच्या राखेसारखं पसरलेलं. मास्तर बाकावर बसले. मी उभीच राहिले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"श्वास नीट होता ते."

मास्तरांनी नाकारलं नाही. "मी श्वास कसा धरला ते मला नाही का कळणार? आयुष्यात तेवढी एकच गोष्ट धड येते मला."

"मग तिथेच का नाही सांगितलंत? मी त्या जिन्यात काय काय बोलले तुम्हाला! सगळ्या गावाला सांगत सुटले, यांचा श्वास चुकला, यांचा श्वास चुकला. तुम्ही गप्प! रोज दोनदा आडवे पडून माझ्याकडून श्वास शिकलात! मला फसवलंत तुम्ही."

"हो," मास्तर म्हणाले. "फसवलं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

"तू गोड बोलायला लागली होतीस," ते म्हणाले. "मला भीती वाटायची. गाठीची नाही एवढी वाटली. सकाळी उठलो की तुझं ते, 'दमलात का, पडता का.' वाटायचं, मी गेलोच आहे आणि ही कुणा पाहुण्याशी बोलतेय. मग त्या दिवशी डॉक्टर श्वासाचं बोलले आणि तू एकदम उसळलीस. तुझा चेहरा बघितला मी. म्हटलं, असू दे. चूक माझीच असू दे. दीड महिना तर दीड महिना."

मला रडू आलं. मी रडले. बस स्टॉपवर उभ्या उभ्या, पदर तोंडाला न लावता रडले. मास्तरांनी मला बसायला जागा केली. बस आली, तिचं दार उघडलं, चालकाने आमच्याकडे बघितलं आणि दार लावून गेला. पुढच्या बसने आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मुलीला फोन करायचा होता. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. काय सांगणार होते, आणि कुठल्या आवाजात? मास्तर अंघोळीला गेले होते. दवाखान्याचा वास जात नाही म्हणत होते. पाण्याचा आवाज ऐकत मी पलंगावर बसून राहिले, सरावाच्या वेळी बसायची तशीच, आणि माझा तळहात नकळत चादरीवर त्यांच्या बरगडीच्या जागी ठेवलेला होता. मी मनात ठरवत होते की आता भांडायचं नाही. उरलेत ते दिवस माणसाला सुखाने जाऊ द्यायचे. टॉवेल उचलायचा, वाळत घालायचा, हसून बोलायचं.

मास्तर बाहेर आले. केस पुसले. खोलीत इकडेतिकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. मग सावकाश चालत माझ्यापाशी आले आणि तो ओला टॉवेल त्यांनी बरोबर माझ्या उशीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि हात खाली सोडून माझ्यासमोर उभे राहिले.

उशीवर ओल पसरत होती. मी त्यांच्याकडे बघितलं. झिजलेला, पिवळसर पडलेला माझा माणूस, बुडी मारायच्या आधी थांबतो तसा थांबला होता.

मला ते बोलायचं नव्हतं.

"जित्याची खोड," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला.

ते थांबून राहिले. हलले नाहीत.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!" मी ओरडले. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. "कळलं का? मेल्याशिवाय जात नाही! माझी उशी भिजवली! आता मी झोपू कशावर?"

मास्तरांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

"चहा टाकतो," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

मी टॉवेल उचलला, दोन्ही हातांनी पिळला आणि दोरीवर वाळत घातला. भांड्यांचा आवाज येत होता. साखरेचा डबा कुठे आहे ते त्यांना अजून सापडलं नव्हतं.

"वरच्या फळीवर!" मी ओरडून सांगितलं.